जावईबापूंच्या मुंग्यांचा मानपान

मु. पो. पुणतांबा
ता. २९ मे १९७२

रा. रा. पुंजाराम पाटील, मु. करंजी, ता. पाथर्डी, यांस व्याही सूर्यभान याचा रामराम.

आपलं पत्र येऊन सहा आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला याचा राग मानू नये. आमच्या घरात लिहायचं टेबल एकच आहे आणि त्यावर सध्या आपल्या चिरंजीवांच्या मुंग्या राहतात. हे पत्र मी ज्वारीच्या पोत्यावर पाट ठेवून लिहितो आहे, तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर ते वयामुळे हललं असं समजू नये. विहीणबाईंच्या गुडघ्यांना आता उतार असेल. आपला खोकला, आपली बैलजोडी आणि तिकडच्या विहिरीचं पाणी या तिन्हींची हकीकत सवडीने कळवावी. इकडे माणसं बरी आहेत. मुंग्याही बऱ्या आहेत. (मुंग्यांची खुशाली कळवायची रीत नाही हे मला ठाऊक आहे. पण गेला महिनाभर आमच्या ओट्यावर जो येतो तो आधी त्यांचंच विचारतो, म्हणून सवयीने लिहून गेलो.)

आपण पत्रात लिहिलंत की राधाकृष्ण तुमच्याकडे धोंड्याच्या महिन्याचा पाहुणा म्हणून येतो आहे, तर सासऱ्याच्या नात्याने त्याचा कान धरावा, कॉलेजातली ती डेमॉन्स्ट्रेटरची तात्पुरती नोकरी आणि ते मुंग्यांचं खूळ सोडायला लावावं, आणि साखर कारखान्यात ऊस सुपरवायझरची जागा निघाली आहे तिच्या अर्जावर सही घेऊन २५ मेपर्यंत अर्ज आपल्या हाताने पोचता करावा. बापाने सांगून ऐकत नाही, सासऱ्याचं ऐकेल, असंही आपण लिहिलंत. व्याहीबुवा, आपल्याला दोन सुना आहेत, जावई नाही, म्हणून आपण असं लिहू शकलात. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. ग्रहाचा कान कोणी धरत नाही. शांत करून वाटेला लावतात. तरी आपला शब्द मोडायचा नाही म्हणून मी काय काय केलं आणि काय काय सोसलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपल्याला आपल्या चिरंजीवांची नव्याने ओळख पटेल.

एप्रिलच्या बावीस तारखेला मी छकडा जुंपून स्टेशनवर गेलो. पॅसेंजर नेहमीप्रमाणे दीड तास उशिरा आली. आमची रतन उतरली, तिच्यामागे जावईबापू उतरले, आणि त्यांच्या छातीशी धरलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक लाकडी खोकं उतरलं. ट्रंका हमालाने उतरवल्या, पण खोक्याला त्यांनी हमालाचा हात लागू दिला नाही. मला वाटलं रेडिओ आहे. सासऱ्यासाठी नगरहून रेडिओ आणला आणि घरी पोचेपर्यंत सांगायचं नाही असं नवराबायकोंचं ठरलं असेल. (माणूस म्हातारा झाला की लालची होतो, मी नाकबूल करत नाही.) म्हणून ते खोकं मी मांडीवर घेऊन बसलो, प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी वर उचललं, आणि वेशीपाशी चौघांनी विचारलं तेव्हा सहज बोलून गेलो की जावयाने रेडिओ आणला आहे. घरी येऊन फडकं सोडलं. आत काच, काचेखाली खड्डे पाडलेली पांढरी चुन्यासारखी लादी, आणि त्या खड्ड्यांत शंभरावर मुंग्या. रतन म्हणाली की नगरच्या सावेडीतल्या घरमालकाने मुंग्या नाहीतर भाडेकरू, दोहोंपैकी एक काय ते ठेवा असं बजावलं, म्हणून सुट्टीत इकडे आणल्या. त्या घरमालकाला मी पाहिलेला नाही, पण जिल्ह्यात एक शहाणा माणूस आहे एवढं कळून बरं वाटलं.

आता मुंगी म्हणजे आपल्याला वाटेल तशी नव्हे. अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्या पलीकडे, ओढ्याकाठची जमीन दोन दिवस खणून आपल्या चिरंजीवांनी हे रत्न बाहेर काढलं आहे. पाऊण इंच लांब, तांबूस रंग, माशीसारखे मोठे काळे डोळे, आणि तोंडापुढे सोनाराच्या चिमट्यासारखा लांब वर वळलेला जबडा. ही मुंगी चालता चालता उडी मारते. आपल्या वाडवडिलांनी मुंगी चालताना पाहिली, रांग धरताना पाहिली, हत्तीच्या सोंडेत शिरल्याचं ऐकलं. उडी मारण्याची गरज तिला कधी पडली नव्हती. मी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता झाकण जरा सरकवून पाहिलं, तर एक बाहेर आली, माझ्याकडे मान वळवून नीट पाहिलं (खरोखर पाहिलं, मी खोटं सांगत नाही) आणि उडी मारून माझ्या अंगठ्याला डसली. अंगठा लिंबाएवढा झाला. जावईबापू धावत आले. मला वाटलं माझ्यासाठी आले. त्यांनी मुंगी अलगद उचलली, तिचे पाय शाबूत आहेत का ते पाहिलं, तिला आत सोडलं आणि मग मला म्हणाले, "मामा, घाबरलं की त्या असं करतात." कोण घाबरलं की, हे त्यांनी सांगितलं नाही.

या बाईसाहेबांचे नियम ऐका. ऊन चालत नाही, म्हणून आमचं माजघर त्यांना दिलं, कारण घरातली गार जागा तीच. टेबलपंखा तिकडे गेला. लादी रोज ओली करायची. रॉकेलचा वास चालत नाही म्हणून कंदील पडवीत. आणि सगळ्यात वरताण म्हणजे गॅमेक्सिन. धान्याच्या पोत्यांभोवती आम्ही वर्षानुवर्षं त्या पावडरीची रेघ ओढतो. जावईबापूंनी ती रेघ स्वतः झाडून काढली आणि जमीन तीनदा धुवायला लावली. पाहुण्या मुंग्यांना सुख झालं. पण आमच्या घरच्या ज्या साध्या तांबड्या मुंग्या इतकी वर्षं रेघेपलीकडे दबून होत्या, त्यांनी ही बातमी ऐकली आणि त्या सहकुटुंब घरात आल्या. माझ्या कुटुंबाने, राहीबाईने, धोंड्याच्या वाणाचे तेहतीस अनारसे करून डबा शिंक्यावर टांगला होता. चौथ्या दिवशी डबा उघडला तर अनारसा कुठला आणि मुंगी कुठली ते ओळखू येईना. राहीबाईने पदर खोचून पुन्हा तांदूळ भिजत घातले आणि मला एवढंच म्हणाली, "जावयाला बोलायचं न्हाई. पर तुमाला बोलायला काय हरकत हाय?" आणि मग मला बोलली.

माझी थोरली बहीण आक्काबाई आमच्याकडेच असते, आपल्याला आठवत असेल, लग्नात वरमाईला पाय धुवायचं पाणी गार आणलं म्हणून जिच्यावरून बोलाचाली झाली तीच. ती चाळीस वर्षं रोज सकाळी मुंग्यांना साखर घालते, पुण्य म्हणून. घरातच मुंग्या आल्या म्हटल्यावर तिला आनंद झाला. चिमूटभर साखर काचेच्या फटीतून सोडली. ढुंकून पाहिलं नाही. गूळ दिला, कणीक दिली, साजूक तुपाचा थेंब दिला. एकीने त्या थेंबाला पाय लावला आणि पाय झटकून पुढे गेली. आक्काबाईच्या पुण्याचा असा अपमान आजवर झाला नव्हता. तिने निकाल दिला की ज्या साखर खात न्हाईत त्या मुंग्याच न्हवंत, दुसरंच कायतरी हाय, जावयाला दुकानदारानं फसवलं. जावईबापूंनी तिला समजावलं की या शिकारी मुंग्या आहेत, जिवंत किडाच खातात, मेलेला किंवा शिळा चालत नाही. (सोवळ्यातल्या म्हाताऱ्यांचे नियमसुद्धा यापुढे सैल वाटावेत.) रातकिडा किंवा नाकतोडा आत सोडला की एकजण त्याला नांगी मारून बधिर करते आणि मग सगळ्या मिळून त्याला आत ओढून, जिवंतच, कोठारात ठेवतात. ही हकीकत ऐकून आक्काबाई दोन दिवस माजघरात गेली नाही.

आता जिवंत किडे आणायचे कोणी? जावयाला उन्हात कसं पाठवायचं, लोक काय म्हणतील. रतन सासरी नाही तर माहेरी आलेली, तिला तरी कसं सांगायचं. उरला सासरा. व्याहीबुवा, मी या गावच्या सोसायटीचा चौदा वर्षं चेअरमन होतो. यंदा फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि कानिफनाथ नावाचा, ज्याला मीच सह्या करायला शिकवलं, तो माणूस माझ्या जागी बसला. त्या गोष्टीला तीन महिने होत नाहीत तो मी सकाळच्या उन्हात घासाच्या वाफ्यात, डोक्याचा फेटा सोडून, त्याची झोळी करून नाकतोडे धरतो आहे, आणि बांधावर कानिफनाथ उभा. त्याने फार अदबीने विचारलं की अण्णा, हे काय चाललंय. मुंग्यांसाठी धरतो असं सांगणं मला जमलं नाही. औषधाला लागतात, असं म्हणालो. संध्याकाळपर्यंत गावात झालं की सोसायटी गेल्यापासून सूर्यभानअण्णाच्या सांध्यांत वात शिरला आणि ते नाकतोडे तळून खातात. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचे दोन म्हातारे काठी टेकत आले आणि किती खायचे, जेवणाआधी की नंतर, हे विचारून गेले. मी त्यांना जेवणानंतर असं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

आपण म्हणाल, अर्जाचं काय. अर्जाची गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच काढली. जेवण झाल्यावर, सुपारी हातात देऊन, आपण लिहिलं होतं ते सगळं गोड शब्दांत सांगितलं. कायमची नोकरी, राहायला खोली, फिरायला सायकल आणि पुढेमागे जीप, गावोगावच्या बागायतदारांचा रामराम. जावईबापूंनी ऐकून घेतलं. आपले चिरंजीव ऐकून फार चांगलं घेतात, समोरच्याला वाटतं काम झालं. मग म्हणाले की या मुंग्यांवरच पुण्याच्या साहेबांकडे डॉक्टरीचा प्रबंध लिहितो आहे, दोन वर्षं नोंदी ठेवल्या आहेत, अजून दीड वर्ष लागेल. मी विचारलं की यातून डॉक्टर झाल्यावर औषध कोणाला देणार. त्यावर रतन उठून आत गेली. तिचं तोंड पाहून मी विषय थांबवला, पण मनात म्हटलं, पुंजाराम पाटलांनी पोराला शिकवलं ते तरी का असलं.

सात मेला, रविवारी, धोंडे-जेवण ठेवलं होतं. भाऊबंदांची वीस पानं, पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटात वाण, वर दिवा, जावयासाठी धोतरजोडी आणि चांदीची निरांजनं. (आपल्या घराला साजेल एवढं केलं होतं. कमी वाटलं असेल तर आत्ताच लिहावं, नंतर विहीणबाईंच्या तोंडून ऐकायला लावू नये.) पानं वाढली, उदबत्त्या लागल्या, सगळे पाटावर बसले, आणि जावयाचा पाट रिकामा. रतनला आत पाठवलं. ती आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली की अण्णा, राणी मेली. मला क्षणभर वाटलं इंग्लंडची. मी आत गेलो. आपले चिरंजीव, एम. एस्सी. पास झालेले, सहा फूट उंचीचे, खोक्यासमोर मांडी घालून बसलेले, हातावर कापसाचा बोळा आणि त्यावर एक मुंगी. इतर मुंग्यांत आणि तिच्यात मला काही फरक दिसला नाही, पाठीवर पंख तुटल्याच्या खुणा होत्या म्हणे. तीच अंडी घालायची. ती गेली म्हणजे पुढे पिल्लं नाहीत, असलेल्या मुंग्या म्हाताऱ्या होऊन एकेक करत मरणार, आणि प्रबंधही त्यांच्याबरोबर.

मी त्यांना हात धरून बाहेर आणलं. ते बसले. राहीबाईने ओवाळलं, वाण दिलं. त्यांनी धोंडा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला, आणि व्याहीबुवा, वीस माणसांदेखत जावयाच्या डोळ्यांतून पाणी पुरणावर पडलं. पंगत उठेपर्यंत ओट्यावर चर्चा पक्की झाली होती की जावई रुसला, त्याला मोटरसायकल पाहिजे होती आणि सूर्यभानने निरांजनांवर भागवलं. माझा चुलतभाऊ तर बाजूला घेऊन म्हणाला की राजदूत नाही तर निदान सायकल तरी द्यायची होती, एकुलती एक लेक. आता मी काय करावं? खरं सांगायचं तर म्हणावं लागतं की जावई मुंगीसाठी रडला. मी मान खाली घातली आणि म्हणालो, बघू, ऊस गेल्यावर घेऊ. आज गावात मी जावयाला मोटरसायकल नाकारणारा सासरा आहे. तेवढ्यावर आक्काबाईने विचारलंच की राणी म्हंजे घरातलीच म्हनायची, तर सुतक धरायचं का न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा जावईबापू समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, तो अर्ज द्या. सही करतो." मी आरशातूनच पाहिलं. डोळे सुजले होते. अर्ज आणला, त्यांनी न वाचता सही केली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं. मी तो अर्ज घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आपलं काम असं मुंगीच्या मरणाने झालं. माझ्या सुपारीने झालं नाही हे कबूल करतो.

मला वाटलं आता खोकं उकिरड्यावर जाईल आणि टेबल मोकळं होईल. ते झालं नाही. जावईबापू म्हणाले, आहेत तोवर आहेत, त्यांना उपाशी कशाला मारायचं. तेव्हा माझी नाकतोड्यांची वेठ चालूच राहिली. दुपारी बाहेर अंगाची लाही होते, आणि माझ्याच घरात गारव्याला बसायचं तर मुंग्यांपाशीच बसावं लागतं, म्हणून मीही तिथे खुर्ची टाकून बसू लागलो. (पंख्यासाठी. दुसरं कारण नाही.) तर चार दिवसांत आतला कारभार बिघडला. दोन मुंग्या समोरासमोर उभ्या राहायच्या आणि मिशांनी एकमेकींना सपासप झोडपायच्या. एक पुढे सरके तेव्हा दुसरी मागे, मग दुसरी पुढे आणि पहिली मागे. कोणी कोणाला मारत नव्हतं, कोणी पडत नव्हतं, नुसतं चाललेलं. मी जावईबापूंना म्हणालो, यात शिकण्यासारखं काही नाही, चेअरमनची खुर्ची रिकामी झाली की आमच्या सोसायटीत हेच होतं. ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे बारीक ठिपके दिले, म्हणजे कोण कोणाला झोडपतं ते लिहिता येईल. एवढा शिकलेला माणूस, दिवसभर मुंग्यांच्या मारामारीचा हजेरीपट लिहितो. माझी लेक शेजारी बसून त्याला रंगाच्या बाटल्या देते. मी हे सगळं पाहिलं आणि माझ्या नशिबाला दोष दिला.

तेवीस तारखेला, दुपारच्या चहानंतर, जावईबापू आत जरा कलंडले होते. मी एकटाच बसलो होतो. पांढऱ्या ठिपक्याची एक मुंगी, जी आठवडाभर सगळ्यांना झोडपून आता शांत झाली होती, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि पोट पुढे वाकवून पायांमधून तोंडाकडे आणलं. मी जन्मभर कोंबड्या पाळल्या, गाई व्यायल्या त्या पाहिल्या. अडलेल्या जिवाची चाल मला कळते. तिने जबड्याने काहीतरी पांढरं, जिऱ्याच्या अर्ध्याएवढं, ओढून घेतलं आणि धरून बसली. मी जावईबापूंना उठवलं. ते झोपेतच म्हणाले की मामा, राणीशिवाय या जातीत असं कोणी करत असेल असं माझ्या तरी वाचनात नाही. मी म्हणालो, तुमच्या वाचनात नसेल, माझ्या डोळ्यांत आहे. मग ते उठले. भिंग लावून पाहिलं, अंडंच होतं. पुढे त्यांनी वही ओढली आणि मला विचारलं, "मामा, तुम्हाला दिसलं तेव्हा किती वाजले होते?" मी सांगितलं तीन वाजून वीस मिनिटं. त्यांनी तेच लिहिलं आणि पुढे लिहिलं, निरीक्षक: सूर्यभान. चौदा वर्षं सोसायटीच्या वह्यांत माझी सही होती, ती फेब्रुवारीत पुसली गेली. आता मुंग्यांच्या वहीत नाव लागलं. माणसाची उतरण किती असते हे आपण पाहताच आहात. रतन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, अर्ज दिला का हो?" मी म्हणालो, परवा नेणार आहे.

आणि पंचवीस तारखेला, ठरल्याप्रमाणे, मी सकाळच्या एसटीने कारखान्याकडे निघालो. एसटीचं काय सांगावं. माझ्या शेजारी एक माणूस दोन कोंबड्या मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यांतली एक सारखी माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहत होती. बेलापूरपर्यंत कंडक्टरने तीन वेळा गाडी थांबवली, एकदा तर नुसतं एका ओळखीच्याशी बोलायला. अशा राज्यकारभारात कोणाची कामं वेळेवर व्हायची? घरी आलो तेव्हा जावईबापूंनी हळूच विचारलं की मामा, अर्ज गेला का. मी म्हणालो, गेला. ते बरं म्हणाले आणि पुन्हा काचेकडे वळले.

तर व्याहीबुवा, असा सगळा प्रकार आहे. माझं मत विचाराल तर आपले चिरंजीव स्वभावाने गरीब, व्यवहाराला शून्य आणि संसाराला निरुपयोगी आहेत, आणि माझी लेक त्यांच्या वरताण झाली आहे. कॉलेज पंधरा जूनला उघडतं. त्याआधी आपण स्वतः येऊन दोघांना आणि त्या खोक्याला घेऊन जावं, म्हणजे आम्ही आमचं घर धुऊन पुन्हा रेघ ओढू. विहीणबाईंना राहीबाईचा नमस्कार. धाकट्यांना आशीर्वाद. पाऊसपाण्याचं लिहिण्याजोगं काही नाही. लोभ असावा, एवढं सगळं वाचूनही.

आपला,
सूर्यभान

ता. क. वरचं पत्र लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं. एसटीबद्दल जे लिहिलं ते खरं आहे, फक्त मी बेलापूरला उतरलो हे लिहायचं राहिलं. कारखाना तिथून पुढे आहे. गाडी गेली आणि मी फाट्यावर लिंबाखाली बसलो. अर्ज काढून सही पाहिली. एवढ्या चांगल्या अक्षराचा माणूस, पण सही अशी केली होती की कोणी हात धरून करवून घ्यावी. दुपारी बारापर्यंत मुदत होती. बारा वाजून गेल्यावर मी बाजारात गेलो, तसबिरीवाल्याकडून खोक्यासाठी एक काच कापून घेतली (जुनीला तडा गेला होता, आणि तडा गेलेली काच घरात ठेवू नये म्हणतात) आणि परतीच्या गाडीने घरी आलो. अर्ज अजून माझ्या कोटात आहे. आपला शब्द मी मोडला. आपण मला काय बोलायचं ते बोला, मी मोठा आहे, सोसेन.

ता. क. २. खरं काम हे आहे. राधाकृष्णरावांना वाटतं अर्ज गेला, आणि ते बोलावणं येण्याची वाट पाहत आहेत. टपालवाला दिसला की चेहरा उतरतो. हे मला बघवत नाही, आणि आता खरं सांगायचं तर सासऱ्याची अब्रू राहत नाही. तेव्हा आपण त्यांना चार ओळी लिहाव्यात की ती जागा कोणा संचालकाच्या भाच्याला गेली. अशा जागेबद्दल असं लिहिलं की पुढे कोणी काही विचारत नाही. बापाने लिहिलं म्हणजे विश्वास बसेल. माझ्याकडून एक खोटं झालं आहे, दुसरं आपण घ्यावं, व्याह्यांत तेवढी वाटणी चालते. आणि रागाने लिहू नये. जागा गेली ती गेली, तू तुझं पुरं कर, असं काहीतरी.

ता. क. ३. पाकीट बंद करणार होतो, पण काल रतनने एक गोष्ट सांगितली ती कळवतो. मी जावईबापूंना मागे विचारलं होतं की हा मुंग्यांचा नाद कोणी लावला. मला ते नुसतं हसून टाळून गेले. रतनला मात्र त्यांनी सांगितलं आहे. ते सहा वर्षांचे असताना आपल्याकडे एक वाईट साल आलं. घरात पीठ नव्हतं, विहीणबाई शेजारगावी भावाकडे पीठ आणायला गेल्या होत्या, आणि पोर भुकेने रडायला लागलं. तेव्हा आपण त्याला बांधावर नेलंत, दाणे वाहणाऱ्या मुंग्यांच्या बिळापाशी बसवलंत आणि सांगितलंत, किती दाणे आत जातात ते मोज, शंभर झाले की एक खडा ठेव. आणि आपण स्वतः त्याच्या शेजारी उन्हात बसून राहिलात. सात खडे झाले तेव्हा भाकरी आली. राधाकृष्णराव म्हणतात की त्या दिवशी भूक कधी विसरली ते त्यांना कळलं नाही, आणि दादांइतकं, म्हणजे आपल्याइतकं, निवांत त्यांच्याजवळ त्यानंतर कोणी बसलं नाही. तेव्हा या पोराच्या वेडाची तक्रार आपण दोघांनी मिळून नेमकी कोणाकडे करायची, तेवढं उलट टपाली कळवावं.